‘आपण’ आणि ‘आम्ही’ : इंग्रजीच्या शिक्षकांच्या कार्यशाळांविषयी

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाला पुन्हा शिकविण्याच्या उपक्रमाला महाराष्ट्रात आजवर जी नावे मिळाली, ती नुसती एकाखाली एक मांडली तरी शिक्षकाविषयीच्या समजुतींचा एक छोटा इतिहास हाती लागतो. उजळणी वर्ग, उद्बोधन वर्ग, सेवांतर्गत प्रशिक्षण, कार्यशाळा, सक्षमीकरण आणि आता सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास. ‘उजळणी’मध्ये शिक्षकाजवळ काही आहे, त्यावर धूळ बसली आहे आणि ती झटकावयाची आहे, एवढे तरी मान्य होते. ‘उद्बोधना’त तो झोपलेला आहे. ‘सक्षमीकरणा’त तो अक्षम आहे, हे कोणी न बोलताच सर्वांना कळते. ‘कार्यशाळा’ हा शब्द मात्र या रांगेत वेगळा. तो एका इंग्रजी शब्दाचे सरळ संस्कृतीकरण असला तरी त्यामागे कारागिराची शाळा उभी आहे. तेथे लाकूड किंवा लोखंड पुढ्यात असते आणि उस्तादाच्या शेजारी बसून हात चालवावा लागतो. इंग्रजीच्या शिक्षकांच्या कार्यशाळेत सर्व काही असते, फक्त ज्यावर हात चालवावयाचा ती मुले नसतात. त्यांच्या जागी शिक्षकच मुले होतात, टाळ्या वाजवतात, गटांना फुलांची नावे देतात, चार्टपेपरवर स्केचपेनने चित्रे काढतात. हे सारे हास्यास्पद आहे असे म्हणावयाचे नाही. प्रौढ माणसाने मूल होऊन पाहण्यात काही एक शहाणपण असतेच. पण अनुपस्थित द्रव्यावर चालणारे काम हे काम नसून त्याचा प्रयोग असतो, आणि प्रयोगाला नाट्याचे नियम लागू पडतात.

या नाट्याची भारतीय संहिता स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत लिहिली गेली. माध्यमिक शाळांतील इंग्रजीविषयी १९५७ साली नागपूरला अखिल भारतीय चर्चासत्र झाले आणि वाक्यरचनांच्या क्रमवारीवर आधारलेला अभ्यासक्रम देशभर मान्यता पावू लागला. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषा आल्या आणि २००७ मध्ये ती विद्यापीठ झाली. तिच्या आरंभीच्या संचालकांपैकी एक विनायक कृष्ण गोकाक. गोकाक म्हणजे कन्नडमधील अग्रगण्य कवी, पुढे ज्ञानपीठाचे मानकरी, सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांचे एके काळचे प्राचार्य. इंग्रजी शिकविण्याचे शास्त्र ज्या वास्तूत घडत होते तिच्या प्रमुखाचे अंतरंग कन्नडात नांदत होते, ही गोष्ट केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कारण त्या काळात घडलेल्या शिक्षण-पद्धतीत अशा अंतरंगाला फारशी जागा नव्हती. ‘आय ॲम वॉकिंग टु द डोअर’ असे म्हणत दाराकडे चालत जाणारा शिक्षक ही त्या पद्धतीची आदर्श प्रतिमा. दाराकडे चालत जाणारा मराठी माणूस ‘मी दाराकडे चालत जात आहे’ असे कधीही म्हणत नाही, हे वेगळे. (तसे इंग्रज माणूसही म्हणत नसावा.)

ही पद्धत शिक्षकांपर्यंत पोचवावयाची कशी, हा प्रश्न मद्रासमध्ये प्रथम मोठ्या प्रमाणावर हाताळला गेला. साठच्या दशकाच्या तोंडावर सत्तावीस हजार प्राथमिक शिक्षकांना नव्याने तयार करण्याची एक मोहीम तेथे आखण्यात आली. मोजक्यांना प्रथम शिकवावयाचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी आणखी पुढच्यांना. या रचनेला नाव पडले ‘मद्रास स्नोबॉल’. ज्या शहरात बर्फ फक्त सरबतात पाहावयास मिळते तेथे बर्फाच्या गोळ्याचे रूपक कोणाला सुचले असेल याची कल्पना करता येते. रूपकाचा आशय स्पष्ट होता : गोळा जसजसा घरंगळत जाईल तसतसा तो मोठा होत जाईल. त्या मोहिमेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली तर ‘मेल्ट’, म्हणजे वितळणे, असा शब्द तयार होतो. आद्याक्षरांना एवढे शहाणपण क्वचितच असते. आजच्या प्रशासकीय परिभाषेत त्याच रचनेला ‘कॅस्केड’, म्हणजे धबधबा, म्हणतात. वाढत जाणाऱ्या गोळ्याऐवजी पडत जाणारे पाणी असा बदल रूपकात झाला, पण मधल्या काळात काय घडले याचा ऊहापोह फारसा झाला नाही.

घडले ते असे की राज्यपातळीवर जे काही दिवसांचे होते ते जिल्ह्याला आले तेव्हा निम्मे झाले, तालुक्याला आणखी आटले आणि केंद्रावर पोचले तेव्हा जेवणाची सुटी धरून काही तासांचे उरले. प्रशिक्षणाच्या अहवालांत याला गळती म्हणतात आणि ती रोखण्याचे उपाय सुचविले जातात. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र येथे एक परिचित दृश्य दिसावयास हवे. एक मूळ प्रत, तिच्यावरून केलेल्या नकला, नकलांच्या नकला आणि प्रत्येक नकलेत लेखकूच्या हातून झालेले फेरफार. ज्ञानेश्वरीची अशी अवस्था झाल्यामुळेच एकनाथांना १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. परंतु पाठचिकित्सा जसजशी प्रौढ होत गेली तसतसे तिला उमगले की प्रत्येक पाठभेद हा अपपाठ नसतो. लेखकूने शब्द बदलला तो पुष्कळदा अज्ञानाने नव्हे, तर त्याला जो अर्थ लागला त्याच्या ओढीने. पाठभेद हे एक वाचन असते.

‘पेअर वर्क’ या संज्ञेचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. वरच्या पायरीवर तिचा अर्थ, दोन विद्यार्थ्यांनी परस्परांशी इंग्रजीत संवाद साधून एखादे कार्य पूर्ण करणे, असा असतो. खालच्या पायरीवर येईपर्यंत तिचा अर्थ, एका बाकावरील दोघांनी एका पुस्तकात पाहणे, असा होतो. वरून पाहणाऱ्याला हा अपपाठ वाटेल. पण द्विशिक्षकी शाळेत, तिसरी-चौथीचे वर्ग एकत्र बसलेले असताना, एका पुस्तकात पाहणारी दोन मुले एकमेकांना मराठीत शब्दाचा अर्थ सांगत असतात. शिक्षक दुसऱ्या वर्गाकडे वळलेला असतानाही सांगत असतात. या पाठभेदात जे शिक्षण घडते त्याची नोंद करण्याजोगा रकाना कोणत्याही प्रपत्रात नाही.

येथे मराठीचाच एक भाषिक विशेष मदतीला येतो. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला ‘वी’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत : ऐकणाऱ्याला आत घेणारे ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’. प्राथमिक शाळेत ‘वी’ शिकविताना हा भेद सांगावाच लागतो आणि तो मराठीत सांगावा लागतो, कारण तो इंग्रजीत अस्तित्वातच नाही. कार्यशाळेतील साधनव्यक्ती जेव्हा ‘वी मस्ट नॉट ट्रान्सलेट’ असे म्हणते, तेव्हा तिचा ‘वी’ कोणता? बोलण्याचा सूर ‘आपण’ चा असतो. समोर बसलेल्यांना तो ‘आम्ही’ म्हणून ऐकू येतो. चहाच्या सुटीत सर्वनामे आपापल्या जागी परततात. ‘मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडं पोरं घरी गेली की इंग्रजीचा शब्द कानावर पडत नाही,’ असे एखादे गुरुजी कपबशी हातात धरून अदबीने म्हणतात. मॅडमही मराठीत, ‘हो ना सर, मला कळतंय, पण मोड्यूलमध्ये तसंच आहे,’ असे खालच्या आवाजात सांगतात. पाच मिनिटांपुरता खरा ‘आपण’ तयार होतो. मग घंटा वाजते. या कार्यशाळांचा जो काही आशय असतो तो अशा पाच मिनिटांत प्रकट होतो आणि मस्टरवर त्या पाच मिनिटांची वेळ नसते.

भाषांतर करावयाचे नाही, वर्गात मातृभाषा आणावयाची नाही, हा दंडक आला कोठून? त्याची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या युरोपीय सुधारणा-चळवळीत सापडतात. भाषांतराने आणि व्याकरणाच्या पाठांतराने जिवंत भाषा मारली जाते, ही तेव्हाची तक्रार न्याय्य होती. पण फ्रेंच वर्गात जर्मन नको म्हणणे आणि वसाहतीच्या शाळेत तेथील भाषा नको म्हणणे, या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी सारख्या नाहीत. १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी-अध्यापनविषयक परिषद झाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या ‘लिंग्विस्टिक इंपीरिअलिझम’ या ग्रंथात तिच्याशी निगडित अशी पाच गृहीतके वेगळी काढून त्यांना पाच हेत्वाभास म्हटले. इंग्रजी ही इंग्रजीतूनच उत्तम शिकविता येते, हे त्यांतील पहिले. फिलिप्सन यांची मांडणी जरा अधिकच सरळ रेषेत जाते, शिक्षकांच्या बाजूने होणारा प्रतिकार त्यांच्या चौकटीत पुरेसा दिसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. भारतीय वर्गात तर तो फारच खरा ठरतो, कारण येथे हा दंडक जेवढ्या निष्ठेने उच्चारला गेला तेवढ्याच सातत्याने मोडला गेला.

मोडला गेला, पण लपून. या लपण्यातच खरी हानी आहे. टाचण वहीत एक पाठ लिहिलेला असतो आणि वर्गात दुसरा चालू असतो. केंद्रप्रमुख दारात उभे राहिले की शिक्षक मराठी वाक्य अर्ध्यावर सोडून इंग्रजीत शिरतो आणि मुलेही त्या क्षणी गप्प बसावयाचे असते हे शिकून घेतात. वीस-पंचवीस वर्षे शिकवून एखाद्या बाईंना कळलेले असते की मराठी मूल ‘आय ॲम हंगरी’ या वाक्यापाशी का अडते. मराठीत भूक ‘लागते’ आणि ती ‘मला’ लागते. भुकेला माणूस वाक्याचा कर्ता नसतो. इंग्रजीत तोच कर्ता होऊन पुढे येतो. ‘मला ताप आला’, ‘मला आठवले’, ‘मला आवडते’ या साऱ्या वाक्यांत मराठी माणूस काही तरी स्वीकारीत असतो, आणि इंग्रजीत शिरताना त्याला दर वेळी कर्तेपण अंगावर घ्यावे लागते. हे बाईंना परिभाषेत सांगता येणार नाही. ‘आधी माणूस सांगा, मग त्याला काय झालं ते सांगा,’ असे त्या मुलांना सांगतात. दोन भाषांच्या वाक्यविन्यासाचे असे नेमके तुलनात्मक निरीक्षण विद्यापीठीय प्रबंधांतही सहजी आढळत नाही. कार्यशाळेत मात्र त्या बाई मागच्या रांगेत बसलेल्या असतात आणि त्यांना एक वाक्य इंग्रजीत बोलण्याचा आग्रह झाला की त्यांचा घसा कोरडा पडतो. ‘मला इंग्रजी येते’ हे मराठी वाक्यही याच वळणाचे आहे. भाषा येते, पाहुण्यासारखी. कधी येते, कधी दारातून परत जाते. साधनव्यक्तीपुढे ती येत नाही एवढ्यावरून ती त्या घरी कधी आलीच नाही, असा निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे, आणि गेल्या साठ वर्षांत तो नित्य होत आला आहे.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे, विलास सारंग ही नावे इंग्रजीच्या अध्यापकांची आहेत. ॲरिस्टॉटल, ‘लिअर’ आणि ‘फाउस्ट’ मराठीत आणणाऱ्या करंदीकरांचा पोटापाण्याचा व्यवसाय इंग्रजी शिकविण्याचा होता. दोन भाषांच्या सीमेवर उभे राहून केलेल्या नोकरीतून आधुनिक मराठी कविता, कादंबरी आणि समीक्षा यांचा केवढा तरी भाग निर्माण झाला. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. तिच्यातील वाक्ये कृत्रिम होती, हे कबूल. पण ती पाठमाला विद्यार्थ्याला सारखे दोन भाषांमध्ये ये-जा करावयास लावीत होती, आणि त्या ये-जा करण्याची लाज बाळगावी असे तिने कधी सुचविले नाही. महाविद्यालयात द्वैभाषिकता ही प्रतिभेची खूण मानावयाची आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तीच पद्धतीचा दोष मानावयाची, हा दुटप्पीपणा भाषिक नसून वर्गीय आहे.

या साऱ्या व्यवहाराचा खोलात जाऊन विचार केला तो एन. एस. प्रभू यांनी. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिणेतील मोजक्या शाळांत एक प्रयोग चालविला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. वाक्यरचना शिकविण्याऐवजी मुलांपुढे कोडी, नकाशे, वेळापत्रके ठेवावयाची. त्यांचे लक्ष उत्तर शोधण्यावर खिळले की भाषा त्या धडपडीत रुजते, अशी त्यामागील धारणा होती. १९८७ मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक आले आणि जगभर चर्चिले गेले. तथापि त्यांचे अधिक मूलगामी प्रतिपादन १९९० च्या एका लेखात आहे. सर्वोत्तम अशी पद्धत नसते, असे त्यात म्हटले आहे, आणि ते ‘प्रत्येक पद्धतीत थोडे थोडे सत्य असते’ अशा सोयीस्कर अर्थाने नव्हे. आपण जे करीत आहोत त्यातून मुले शिकतात असे शिक्षकाला आतून पटलेले असावे लागते. हे पटणे जिवंत असेल तर शिकविणे जिवंत राहते आणि ते यांत्रिक झाले तर कोणतीही पद्धत मरते. शत्रू वाईट पद्धत हा नसून यांत्रिकपणा हा आहे, असा त्याचा रोख. प्रभूंच्या या प्रतीतीचा विचार शांतपणे केला तर कार्यशाळेचे प्रयोजनच पालटते. ज्याला काही पटलेले आहे त्याचे ते पटणे ऐकून घेणे, ते दुसऱ्याच्या पटण्याशी घासून पाहणे, एवढेच तिचे काम उरते. त्यासाठी शिक्षकाने बोलावयास हवे. आणि तो ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत बोलावयास हवे.

प्रत्यक्षात उलटे घडत गेले. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. पूर्वी ते पाचवीपासून होते. एका निर्णयाने, गणित-भाषा-परिसर सारे काही शिकविणारा पहिलीचा शिक्षक इंग्रजीचाही शिक्षक झाला. त्याने तसे होण्याचे कधी योजिले नव्हते. एवढ्या मोठ्या संख्येला तयार करावयाचे म्हणजे धबधब्याखेरीज मार्ग नव्हता, हे मान्य करावयास हवे. टीका करणे सोपे असते. राज्यभरातील शिक्षकांचे वेळापत्रक ज्याला आखावयाचे असते त्याच्या अडचणी समीक्षकाला नसतात.

पुढे २०१६ च्या सुमारास ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्यशासन यांनी मिळून ‘तेजस’ नावाचा प्रकल्प काही जिल्ह्यांत राबविला. त्यात परिसरातील शिक्षकांनी ठराविक काळाने एकत्र जमून आपल्या वर्गाविषयी बोलावे, अशी कल्पना होती. चहाच्या सुटीतील पाच मिनिटांना अधिकृत दर्जा देण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल, आणि म्हणूनच तो लक्षणीय होता. २०१९ मध्ये केंद्राने ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला. उद्दिष्ट प्राथमिक स्तरावरील सुमारे बेचाळीस लाख शिक्षक व मुख्याध्यापकांचे. (प्रशिक्षणाला निष्ठा म्हणणे म्हणजे नावांच्या त्या रांगेत शब्दाचा रोख ज्ञानाकडून चारित्र्याकडे वळविणे होय.) आरंभी तो समोरासमोर होता, २०२० मध्ये साथीच्या काळात ‘दीक्षा’ या मंचावर गेला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा नोंदविली. या धोरणात बहुभाषिकतेचा पुरस्कारही आहे.

पडद्यावरच्या प्रशिक्षणाने एक जुना प्रश्न मात्र निकालात काढला. आता मधले लेखकू उरले नाहीत. राजधानीतील ध्वनिचित्रफीत जशीच्या तशी पाड्यावरच्या शाळेतील मोबाइलवर उतरते. एका अक्षराचाही पाठभेद नाही. एकनाथांना हवी होती तशी निर्दोष प्रत. फक्त ती वाचली गेली की नाही हे सांगणे अवघड झाले आहे. चित्रफीत चालू ठेवून बाई पोषण आहाराची नोंद पूर्ण करतात, शेवटी प्रश्नावली येते, तिची उत्तरे गटावर फिरत आलेली असतात, प्रमाणपत्र उतरवून घेतले जाते. लेखकूच्या हातून होणाऱ्या चुकांत निदान त्याचा हात तरी होता. विद्यापीठांतील मंडळींनी यावर हसण्याची घाई करू नये; पदोन्नतीसाठी केलेल्या उजळणी वर्गांची प्रमाणपत्रे बहुतेकांच्या फायलीत आहेत आणि त्यांतील किती व्याख्याने आठवतात, हा प्रश्न सभ्यपणे टाळला जातो.

प्रत्येक कार्यशाळेच्या शेवटी अभिप्राय लिहून घेतात. हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावयास हरकत नाही. त्याची शैली ठरलेली : प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त झाले, तज्ज्ञ मार्गदर्शकांनी सोप्या भाषेत समजावून सांगितले, भोजनव्यवस्था उत्तम होती, अशी प्रशिक्षणे वारंवार व्हावीत. हजारो हातांनी लिहिलेली आणि कोणाचीच नसलेली ही संहिता शासनाच्या कपाटांत सुरक्षित आहे. इंग्रजी-अध्यापनाचा इतिहास उद्या कोणी लिहावयास घेतला तर त्याच्या हाती हेच लागेल.

जे लागणार नाही ते दुसरीकडे आहे. इंग्रजी शिकविणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शिक्षकाजवळ पाठ्यपुस्तकाची स्वतःची एक प्रत असते. तिच्यात ओळींच्या मधल्या जागेत शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी लिहिलेले असते. कठीण शब्दाचा उच्चार देवनागरीत, त्याखाली अर्थ. तो अर्थही शब्दकोशातला नव्हे, तर त्या गावातला. कोठे ‘वी’ वर ‘आपण’ लिहिलेले, चार ओळींनंतर दुसऱ्या ‘वी’ वर ‘आम्ही’. कोठे समासात एक खूण, म्हणजे येथे मुले दर वर्षी हसतात. कोठे एक वाक्य खोडून त्याजागी सोपे वाक्य. महानुभावांपासून टीकाग्रंथांची आणि टिपणांची परंपरा असलेल्या भाषेत ही आणखी एक टीका आहे, आणि ती एकाच प्रतीत आहे. कार्यशाळेला जाताना शिक्षक ही प्रत घरी ठेवून नवे कोरे पुस्तक बरोबर नेतो. पाठ्यपुस्तक बदलले की काही दिवस ती प्रत कपाटात राहते, मग उन्हाळ्याच्या सुटीत जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर रद्दीत जाते.